मागं चालणारी वॉरंटी

दिग्विजयने पिवळी गाडी घरी आणली तेव्हा ढोकीतल्या लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की हिच्यात ऊस कुठं भरायचा. दोन दारं, दोन सीटा आणि जमिनीपासून वीतभर उंची. पाच वर्षं वापरलेली ही स्पोर्ट्स कार त्याने पुण्याच्या डीलरकडून नुसते फोटो बघून घेतली होती. कारखान्याच्या रस्त्यावर गतिरोधक आला की तो खाली उतरायचा, डिकीतून दोन फळ्या काढून गतिरोधकाला टेकवायचा आणि गाडी अलगद वरून न्यायचा. मग पुन्हा उतरून फळ्या गोळा करायच्या. तोवर मागचे ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवून हैराण झालेले असायचे. एवढं सगळं करून हा घरी सांगणार, गाडी काय पळते!

त्याची बायको शिवकन्या सास्तूरची. लग्नाआधी माहेरी भावाच्या बरोबरीने ट्रॅक्टर चालवलेली, त्यामुळे रंग बघून भुलणारी नव्हे. तिने शांतपणे एकच अट घातली.

"रविवारी माझ्या भाचीचं बारसं हाय. ह्याच गाडीतनं सास्तूरला जायचं अन् ह्याच गाडीतनं परत यायचं. वाटंत बंद पडली तर सोमवारी इकायची, अन् चार दारांची आणायची."

दिग्विजय तावातावाने "व्हय" म्हणून बसला. आणि शुक्रवारी डीलरचा फोन आला. दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर रविवारी संध्याकाळी सहापर्यंत सांगा, नंतर मिळणार नाही. अशा गाडीचा गिअरबॉक्स गेला तर मालकाचं काय होतं, हे त्याने इतक्या मायेने समजावलं की दिग्विजयने गिअरबॉक्सची किंमत दोनदा विचारून घेतली. आठच दिवसांपूर्वी गाडीत काही म्हणजे काही बिघडणार नाही, अशी शपथ घेतली होती ती ह्याच माणसाने.

शिवकन्या पलीकडे शेंगा फोडत सगळं ऐकत होती.

"घ्या की," ती म्हणाली. "भरवसा नसंल तर घ्यावीच माणसानं."

झालं. वॉरंटी घ्यावी तर गाडीवर आपलाच विश्वास नाही हे कबूल केल्यासारखं. न घ्यावी आणि नेमका गिअरबॉक्स गेला, तर गाडी विकतानाही कुणी विचारणार नाही. बिचारा पुरता कात्रीत सापडला.

शनिवारी सकाळी तो गुपचूप आजोबांकडे गेला. धोंडीबा आबांची हयात बैलबाजारात गेलेली. बैलाला हात न लावता त्याची खोड सांगणारा माणूस, असा त्यांचा लौकिक.

"आबा, वॉरंटी घेऊ का नको?"

"गाडीत खोड हाय का?"

"तेच तर कळंना."

"मग इकणाऱ्याला इचार."

"तो खरं कशाला सांगंल?"

"खोड न्हाय इचारायची, येड्या. माल परत घेतो का म्हणून इचारायचं. बैल खोडीचा असंल तर इकणाऱ्याच्या घरी लगीन निघतं, म्हातारी आजारी पडती, तो गावातच नसतो. अन् चांगला असंल तर दावं घिऊन दारात हजर. ही परीक्षा आजवर चुकली न्हाय."

आबांनी स्वतःच फोन लावला. गाडी पसंत नाही, माघारी घेता का, असं खास पडलेल्या आवाजात विचारलं. डीलर एका शब्दात तयार झाला. उद्या सकाळीच न्यायला माणूस पाठवतो म्हणाला. आबा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

"बेस हाय गाडी. वॉरंटी नको."

दिग्विजयचा जीव भांड्यात पडला. आता, बैलबाजारात असलं "बरं" कुणी मनावर घेत नाही. तिथं सगळेच सगळ्यांची परीक्षा पाहत असतात. पुण्याच्या डीलरला मात्र हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

रविवारी शिवकन्या नवी साडी नेसून, हातात बाळाची टोपडी-झबली घेऊन बाहेर आली, तर दारात गाड्या उचलून नेणारा ट्रक उभा. ड्रायव्हर महांतेश लातूरहून भल्या सकाळी निघून आला होता.

"पुण्याच्या शेठनं पाठवलंय. गाडी न्यायची हाय."

शिवकन्येने ट्रककडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"बिघडली?"

"न्हाय."

"मग?"

दिग्विजयने आबांकडे बघितलं. आबा पाठ फिरवून तंबाखू मळण्यात दंग झाले होते. शेवटी त्याला सगळं सांगावं लागलं. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं, पण ती हसत हसत पायरीवरच बसली, आणि ते त्याला जास्त लागलं. डीलरला फोन करून चूक कबूल केली, तर तो म्हणाला, ट्रकचं दिवसाचं भाडं तुमच्याकडे, आणि वॉरंटी सहापर्यंतच हां.

शिवकन्या डोळे पुसत उठली.

"महांतेशभाऊ, भाडं दिवसाचं लागणारच हाय न्हवं? मग रिकामं कशाला जाता? चला आमच्या मागं सास्तूरला, बारशाचं जेवण हाय. ह्यांना वॉरंटी पायजेल हाय, ती मागं चालू द्या."

अशी ती वरात निघाली. पुढं पिवळी गाडी, मागं ट्रक. गावोगावी लोक दिग्विजयला कळवळून विचारत होते, "दादा, बंद पडली का?" चालत्या गाडीतून तो "न्हाय" म्हणायचा आणि लोकांना ते पटायचं नाही. सास्तूरला सासरच्या मंडळींनी तर ट्रकभोवतीच गर्दी केली. गाडी मात्र एकदाही खोकली नाही. दुपारी परत निघताना दिग्विजयची मान ताठ झाली होती.

लोहाऱ्याच्या अलीकडे बंद पडला तो ट्रक. पुढून वाफेचे लोट. रेडिएटरचा पाइप फुटला होता.

"चला, मी सोडतो तुम्हाला लोहाऱ्यात," दिग्विजय थाटात म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, सीटा दोनच.

पाइप मापाचा आणायचा, म्हणजे महांतेशला जाणं भाग. ट्रक रस्त्यावर सोडून चालणार नाही, म्हणजे एकाने थांबणं भाग.

"मी थांबू व्हय रस्त्यावर, नव्या साडीत?" शिवकन्येने चावीसाठी हात पुढं केला.

"तुला ही जमंल का?"

"ट्रॅक्टरला बी चारच चाकं असत्यात."

दिग्विजय ट्रकच्या पायरीवर बसून राहिला. येणारेजाणारे विचारत होते, "बंद पडला का?" तासाभराने पिवळी गाडी वळणावरून सुसाट आली, त्याच्यासमोरून तशीच पुढं गेली आणि लांबून वळून परत आली. महांतेश पाइप छातीशी धरून उतरला.

"अय्यय्यो, ताई लई जोरात चालवत्यात."

लोहाऱ्याचा मिस्त्री त्यांच्याबरोबरच मोटारसायकलवर निघाला होता, तो वीस मिनिटांनी पोचला.

"अन् गतिरोधक?" दिग्विजयने घाबरून विचारलं. "फळ्या कुणी लावल्या?"

"तिरकी घातली की लागत न्हाय," शिवकन्या आतूनच म्हणाली. "तुम्ही सरळ का घालता?"

ट्रक चालू झाला तेव्हा पावणेसहा वाजले होते. शिवकन्या स्टिअरिंगवरून उठली नव्हती, म्हणून तो मुकाट्याने दुसऱ्या दाराने आत बसला. अट पुरी होत आली होती, गाडी राहणार होती. चावी त्याच्याकडे राहील असं मात्र दिसत नव्हतं. तेवढ्यात डीलरचा फोन आला. वॉरंटीचं काय ठरलं?

"नको," दिग्विजय छाती काढून म्हणाला. शिवकन्येने फोन त्याच्या हातातून घेतला.

"घेतो. कागदावर माझं नाव घाला."

त्याला जरा बरं वाटलं. "आता का? भरवसा न्हाय व्हय?"

"गाडीवर हाय की," तिने गिअर टाकला. "पण कवातरी तुम्हाला बी चालवायला द्यावी लागंल."