शेजारच्या सीटवरून

दादाला नवी सेडान आवडली आणि मला धास्ती पडली.

आमची ड्रायव्हिंग स्कूल आहे. बाबांनी सुरू केली, आता दादा आणि मी चालवतो. गाडी एकच. सकाळची पाळी त्याची, दुपारनंतरची माझी. जुन्या गाडीचा क्लच इतक्या पायांखाली भरडला गेला होता की तो दाबला की कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज यायचा. ती विकून नवी घ्यायची, यावर आमचं दोघांचं एकमत होतं. भांडायला एवढं सोडून बाकी सगळं शिल्लक होतं.

दादा महिनाभर मोबाइलवर गाड्यांच्या तुलना बघत होता. एक गुळगुळीत दाढीचा माणूस रिकाम्या रस्त्यावर भरधाव वळणं घेतो आणि म्हणतो, काय पकड आहे! अरे, तुझ्या पकडीचं आम्ही काय करू? आमच्याकडे येणारी माणसं चौकात दुसऱ्या गिअरमध्ये डोळे मिटून वळतात. आणि किंमत सांगायची ती 'अमुक लाखांपासून पुढे'. त्या 'पासून'मध्ये मिळतात चार चाकं आणि एक हॉर्न. आरसे, रंग, विमा, कर हे सगळं 'पुढे'मध्ये. या लोकांना लाज नाही आणि ऐकणाऱ्यांना अक्कल नाही.

पण माझ्या धास्तीचं कारण वेगळं होतं. मी बुटकी आहे. दादा लहानपणापासून मला 'बुटके' अशीच हाक मारतो आणि मी त्याला 'शिडी' म्हणते, त्यामुळे हिशेब चुकता आहे. जुन्या गाडीची बनावट जुनी, तिचा डॅशबोर्ड बसका, त्यामुळे शेजारच्या सीटवरून मला रस्ता दिसायचा. नव्या सेडानचा डॅशबोर्ड फोटोतच भिंतीसारखा उभा होता. तुम्ही म्हणाल, सीट वर घ्या. घेता येते की. ड्रायव्हरची! शिकवणारा बसतो शेजारी, आणि शेजारच्या माणसानं नुसतं गाणी ऐकावीत अशी गाडी बनवणाऱ्यांची समजूत आहे.

"नाही दिसलं तर नाही दिसलं," दादा म्हणाला. "तू ऑफिस बघ. फोन घ्यायचे, पंख्याखाली बसायचं. मी करतो दोन्ही पाळ्या. तुला तेवढाच आराम."

तो हे प्रेमानं बोलला, तेच वाईट. दुष्टपणानं बोलला असता तर तिथल्या तिथे उडवून लावला असता. प्रेमानं कोंडणाऱ्यावर ओरडलं की आपणच कृतघ्न. मला पंख्याखाली बसायचं नव्हतं. घाबरून घामाघूम झालेल्या माणसाचा हात पहिल्यांदा सैल पडतो आणि गाडी आपोआप सरळ जायला लागते, तो क्षण मला रोज हवा असतो. त्यासाठीच मी जेवण अर्धवट टाकून पाळीवर जाते.

म्हणून मी बाबांची पद्धत काढली. बाबा कुठलीही गाडी घ्यायच्या आधी शाळेतला सगळ्यात वाईट शिकाऊ तिच्यात बसवायचे. ते म्हणायचे, चांगला ड्रायव्हर बैलगाडीसुद्धा नीट चालवेल, गाडीचा स्वभाव कळतो तो कच्च्या हातात.

"चालेल," दादा म्हणाला. "तीन गाड्या बघू, तिन्हीत बसवू. वकीलबाईंना विचार."

वकीलबाईंइतका कच्चा हात आमच्या शाळेत आजवर झाला नाही. आठ महिने दादाकडे शिकत होत्या, चार वेळा परीक्षेत नापास झाल्या होत्या. कोर्टात समोरच्याचा घाम काढणारी बाई, पण स्टिअरिंग हातात आलं की तोंड तेवढं चालू राहायचं आणि बाकी सगळं बंद. खांबाला गाडी घासली तरी म्हणायच्या, खांबाचीही काही जबाबदारी असते.

त्या आनंदानं आल्या. "तीन-तीन शोरूम आणि फुकट गाड्या? मला आधी का नाही बोलावलंत?"

पहिली गाडी सगळ्यात स्वस्त. तिला आम्ही 'गादी' नाव ठेवलं. बसायला मऊ, चालायला मऊ, आणि स्टिअरिंग तर विचारूच नका. आज फिरवलं तर उद्या वळणार. रस्त्यावर दादानं आणि मी एकेक चक्कर मारली, मग शोरूमच्या मागच्या मोकळ्या आवारात वकीलबाई बसल्या. लायसन्स शिकाऊ असताना चालवू देता येत नाही असं तिथला पोरगेला विक्रेता म्हणाला. "आवार खाजगी आहे. कुठे लिहिलंय ते दाखवा," असं त्यांनी विचारल्यावर तो जो साहेबांना विचारायला गेला तो आलाच नाही. बाईंनी आवारात एक वळण घेतलं, गाडी डुलली, आणि त्या म्हणाल्या, "मला बोटीत बसल्यासारखं होतंय. थांबवा, नाहीतर इथेच उलटी करीन." एवढी किंमत वाचवून रोज कुणाची तरी उलटी पुसायची आमची तयारी नव्हती.

दुसरी दादाची ती नवी सेडान. आता खरं बोलते, कारण खोटं बोलून जिंकण्यात मला रस नाही. आधी ती मी चालवली आणि माझा जीवच जडला तिच्यावर. ड्रायव्हरची सीट वर घेतली, पुढचं सगळं स्वच्छ दिसायला लागलं. स्टिअरिंग बोटांना ऐकत होतं. खड्डा आला तर तो आला एवढंच कळायचं, कंबरेपर्यंत पोचायचा नाही. वळणावर गाडी अंग चोरून, आपली रेष न सोडता निघायची. किंमतही बाजारात नवी म्हणून उतरवलेली, वर छपराला काच. दादा मागून म्हणाला, "काय बुटके, तोंडाला कुलूप?"

"छान आहे," मी म्हणाले. "फारच छान आहे."

मग मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. पुढे डॅशबोर्ड. डॅशबोर्डवर एक मोठा पडदा. पडद्याच्या वर नुसतं आकाश. मी मान ताणली तेव्हा झाडांचे शेंडे दिसले.

टाय लावलेला विक्रेता वाकून म्हणाला, "मॅडम, या बाजूलाही एसीची वेगळी झडप आहे."

"त्या झडपेतून रस्ता दिसतो का?"

तो हसला. असली माणसं आपल्याला काही कळलं नाही की हसतात.

"बघ," दादा म्हणाला. त्याचा आवाज मवाळ होता. "मी बसतो. बाईंना मीच शिकवतोय ना." मी मागे गेले. खिडकीतून आवार बघत राहिले, आणि उद्यापासून फोनच्या शेजारी कुठली खुर्ची ठेवायची याचा विचार मनात आला. त्याची चीड आली, पण आला.

वकीलबाई निघाल्या. पहिलं चक्कर ठीक. दुसऱ्याला शोरूमच्या मागच्या दाराशी ठेवलेली शोभेची कुंडी जवळ यायला लागली. मोठी, सिमेंटची, तिच्यात काटेरी झाड. दादा म्हणाला, "हं." कुंडी आणखी जवळ आली. दादा म्हणाला, "हं, हं!" आणि त्याचा पाय खाड्कन खाली गेला.

आमच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक असतो. शोरूमच्या गाडीत नसतो. दादानं सगळा जीव एकवटून पायातली चटई दाबली. चटई बिचारी गोळा झाली. गाडी होती त्याच वेगात, म्हणजे देवाच्या कृपेनं बैलाच्या वेगात, जाऊन कुंडीला भिडली. कुंडी आडवी झाली. बंपरला ओरखडा. धावत आलेल्या विक्रेत्याचा टाय उडून त्याच्याच खांद्यावर.

"दादा!" वकीलबाई कडाडल्या. "तुम्ही दाबला नाहीत!"

"मी? ब्रेक तुमच्या पायाखाली आहे!"

"पण दाबता नेहमी तुम्ही!"

मग वकीलबाई ड्रायव्हरच्या सीटवरूनच त्याच्याकडे वळल्या. मला वाटतं, कोर्टात त्या अशाच वळत असतील.

"आठ महिने मी तुमच्याकडे शिकतेय. बरोबर?"

"बरोबर."

"त्या आठ महिन्यांत मी स्वतःहून गाडी किती वेळा थांबवली?"

"थांबवली असेल ना…"

"हो की नाही?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी कुंडीकडे बघितलं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही," वकीलबाई म्हणाल्या. "माझा पाय पोचायच्या आधी तुमचा पोचलेला असतो. परीक्षेला साहेब शेजारी बसतात, ते काही माझ्यासाठी दाबत नाहीत. म्हणून मी चार वेळा कुणाच्या ना कुणाच्या अंगावर जातेय! आणि मी खांबांना दोष देत होते!"

हसू दाबून माझी बरगडी दुखायला लागली. दादाचे कान लाल झाले. विक्रेत्याला कुंडीचे पैसे दादानं मुकाट्यानं दिले. बंपर विम्यातून होईल असं विक्रेता म्हणाला आणि आम्ही निघेपर्यंत गाडीची किल्ली हातात घट्ट धरून उभा राहिला.

बाहेर टपरीवर चहा घेताना दादा म्हणाला, "अपघात होऊ नये म्हणूनच दाबतो मी. जीव जपतो त्यांचा."

"तेच तू माझ्याशी करतोयस," मी म्हणाले. "मला दिसेल की नाही, मला झेपेल की नाही, याचा निकाल लागायच्या आधी तुझा पाय ब्रेकवर. बस म्हणे पंख्याखाली."

"मी तसं म्हणालो नाही."

"तसंच म्हणाला असाल," वकीलबाईंनी चहात बिस्कीट बुडवत सांगितलं. "मी तिथे नव्हते, तरी साक्ष देईन."

तिसरी गाडी बघायला जायची दादाची इच्छाच नव्हती. किंमत जवळपास नवीएवढीच, वर काच नाही, पडदा नाही, आणि बनावट अशी की शाळेतल्या जुन्या मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घालून उभं राहावं. आम्ही तिला 'मास्तर' म्हणालो. मी चालवली. नवीसारखी नाचत नाही, गिअर जरा हट्टी, खड्डा कंबरेला कळतो. पण स्टिअरिंग जेवढं फिरवाल तेवढंच वळतं, कमी नाही, जास्त नाही. हात खोटं बोलला तर गाडी लगेच सांगते. शिकणाऱ्याला दुसरं काय लागतं?

मग मी शेजारी बसले. डॅशबोर्ड बसका, काच मोठी. बोनेटचं टोक दिसलं, त्यापुढे रस्ता, रस्त्यावर एक कुत्रं आळस देत होतं, तेही शेपटीसकट दिसलं.

"बाई, या," मी म्हणाले. दोन्ही पाय मी सीटकडे ओढून घेतले, म्हणजे मलाही मोह नको. दादा मागे बसला, बरोबर माझ्या पाठीशी.

"काय करू?" वकीलबाईंनी विचारलं.

"मला काय विचारता? पुढे काय दिसतंय ते बोलत जा. तुम्हाला बोलायला आवडतंच."

"बोलते. पुढे भिंत. भिंतीच्या आधी वळण. वळते. आता एक बाई बादली घेऊन चाललीय, तिनं माझ्याकडे बघितलेलं नाही, म्हणजे चूक तिची…"

माझ्या पाठीत धाडकन गुडघा बसला.

"दादा, ती माझी पाठ आहे. ब्रेक नाही."

"सॉरी."

"…चूक तिची असली तरी मेली तर केस माझ्यावर," वकीलबाई म्हणाल्या, आणि गाडी थांबली. हळू, नीट, नाक न आपटता. बादलीवाली समोरून गेली, तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

मग वकीलबाईंनी सावकाश माझ्या पायांकडे बघितलं. ते सीटखाली होते.

"कुणी दाबला?"

"तुम्ही."

"मी?" त्यांनी आपल्या पायाकडे बघितलं, जणू कुणी परक्यानं तो तिथे आणून ठेवला होता. आणि ती कोर्टातली वाघीण टाळ्या पिटायला लागली. दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून. गाडी उभी होती म्हणून बरं. पुढची आठ चक्करं त्यांनी स्वतः थांबून, स्वतः निघून मारली. एकदा गाडी बंद पडली, एकदा उगाचच थांबल्या. माझ्या पाठीत मात्र आणखी दोनदाच गुडघा बसला, शेवटचा तर अगदी हलका.

उतरल्यावर दादा गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग शेजारचं दार उघडून आत बसला. वाकून, मान खाली घेऊन, माझ्या उंचीएवढा झाला आणि पुढे बघत राहिला. या शोरूमच्या विक्रेत्या बाईंना वाटलं काही हरवलं म्हणून.

"दिसतं की सगळं," तो म्हणाला.

"मी काय सांगतेय सकाळपासून!"

"नवी जास्त चांगली आहे पण."

"आहे," मी म्हणाले. "चालवायला ती जास्त चांगली आहे, मी नाही म्हटलेलं नाही. पण आपण चालवतो कुठे? आपण शेजारी बसतो. आणि तिच्यात बसून मी शिकवू शकत नाही. मी ऑफिसात बसणार नाही, दादा. नवीच घ्यायची असली तर घे, मी बाजूला दुसरी शाळा काढीन आणि तुझे सगळे शिकाऊ पळवीन."

"पहिली मी," वकीलबाई म्हणाल्या.

दादा बराच वेळ सीटचा पट्टा आत-बाहेर ओढत बसला. मग विक्रेत्या बाईंना म्हणाला, "हीच द्या. पांढरी." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, "सकाळची पाळी तू घे. नवे कच्चे सगळे सकाळीच येतात."

"आणि तू?"

"मी दुपारी. पण आधी एक-दोन दिवस तुझ्या मागे बसतो. पाय कुठे ठेवायचे ते बघायला."

"मागे नाही," मी पाठ चोळत म्हणाले. "पुढे बस, ड्रायव्हरच्या जागी. मी शेजारी. शिकवते तुला. पण फी पडेल."

"सख्ख्या भावाला?"

"आगाऊ."

वकीलबाईंनी पर्समधून पेन काढलं. "पावती मी लिहून देते," त्या म्हणाल्या, "म्हणजे नंतर दोघांपैकी कुणाला पलटता येणार नाही."