कापलेलं कार्ड

माझ्या दुकानात काउंटरच्या वर एक पाटी आहे. 'घरी उघडून पाहिलेला फोन दुरुस्तीला घेतला जाणार नाही.' पाटी मीच लिहिली आणि आजवर तिला कुणी भीक घातलेली नाही. मीही घालत नाही म्हणा. घरी उघडून पाहणारे नसते तर माझी चूल कधीच विझली असती.

त्या दिवशी बाराच्या सुमाराला एक बहीण-भाऊ आत शिरले ते भांडतच. बहीण चाळिशीची, भाऊ तिच्याहून दोन-चार वर्षांनी लहान. त्याने काउंटरवर फोन ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "रिपेअर करणारे कुठे गेलेत?"

"इथेच बसलेत. तुमच्याशी बोलतायत," मी म्हटलं. बावीस वर्षं हा प्रश्न ऐकतेय, तरी दर वेळी डोकं फिरतंच.

फोन हातात घेतला. सिमचा ट्रे वाकडा होऊन बाहेर आलेला आणि फटीत आत काहीतरी पांढरं अडकलेलं. कडेला धातूवर ओरखडे.

"पक्कड लावली होती?"

"थोडीशी," तो म्हणाला.

"आणि कार्ड कशाने कापलंत?"

बहीण म्हणाली, "कात्रीने. काल याने कात्रीने कापलं."

म्हणजे हात दाखवून अवलक्षण. जुन्या बटणांच्या फोनमधलं मोठं कार्ड कापून नव्या फोनमध्ये घातलं की लांबी-रुंदी जमते, पण जाडी जुनीच राहते. ते आत जातं, बाहेर येत नाही. ओढायला गेलं की ट्रे हातात येतो आणि कार्ड आत, ते वाचणाऱ्या रीडरच्या पिनांना धरून बसतं. अशी महिन्याला चार तरी गिऱ्हाइकं येतात.

"संध्याकाळी या," मी म्हटलं.

"संध्याकाळी नाही हो ताई, आत्ता." बहिणीने दोन्ही हातांनी काउंटर धरला. "आमची आई सकाळी आठपासून सापडत नाहीये."

मी हातातला दुसरा फोन बाजूला ठेवला.

तिने भराभर सांगितलं. आईला विसरण्याचा आजार आहे. घराचा पत्ता आठवत नाही, कधी कधी मुलीचं नावही नाही. एकच गोष्ट पक्की पाठ आहे, नवऱ्याचा मोबाईल नंबर. दहाच्या दहा आकडे एका दमात म्हणते. वडील दोन वर्षांपूर्वी वारले, पण या मुलीने नंबर चालू ठेवला होता. वडिलांचा बटणांचा फोन पर्समध्ये घेऊन फिरायची. आई घरून दिवसातून पाच-सहा वेळा फोन लावायची. ही उचलायची नाही, नुसता वाजू द्यायची.

"रिंग गेली की तिचं समाधान व्हायचं. कामात असतील म्हणायची आणि शांत बसायची."

"आणि तो फोन?"

"परवा बंद पडला. म्हणून म्हटलं कार्ड याच्या जुन्या फोनमध्ये घालू."

"कंपनीत जाऊन दुसरं कार्ड का नाही घेतलं?" विचारताविचारताच उत्तर कळलं. नंबर वडिलांच्या नावावर. ते गेल्याचं कंपनीला कळवलंच नव्हतं, कळवलं तर नंबर जाणार.

"काल दिवसभर तिने फोन लावला, तर 'बंद आहे' असं ऐकू यायला लागलं," बहीण म्हणाली. "रात्रभर घालमेल. आणि सकाळी या शहाण्याने तिला सांगितलं."

"खरं तेच सांगितलं," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "बाबा गेले, आई, दोन वर्षं झाली, असं सांगितलं. किती दिवस हे नाटक करायचं? मला नाही जमत ते."

"तू खोटं बोलतोस म्हणाली आणि चपला घालून गेली. हा अंघोळीला गेला होता. दार उघडं."

पोलिसांत कळवून झालं होतं. हिचा नवरा स्कूटर घेऊन गल्ल्या पालथ्या घालत होता. पण कुणी भल्या माणसाने तिला थांबवून नंबर विचारला, तर ती सांगणार तो हाच, माझ्या हातातल्या फोनमध्ये अडकलेला. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्या बाईच्या तोंडावर दिसत होतं.

"बसा," मी म्हटलं. "भांडायचं असेल तर रस्त्यावर जा. इथे माझा हात हलला तर संपलं."

फोन गरम पट्टीवर ठेवला. मागची काच सुटायला आठ मिनिटं लागतात. दहाव्या सेकंदाला भावाने विचारलं, "झालं का?" मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. काच निघाली, स्क्रू काढले, बॅटरीची वायर सोडवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली रीडरवरचं पत्र्याचं झाकण कडेकडेने उचललं.

आत सहा पिना. प्रत्येक पिन म्हणजे केसाएवढी पितळी पट्टी, स्प्रिंगसारखी वर उचललेली. कार्डावरच्या सोनेरी चौकटींना ती टेकली की फोनला नंबर कळतो. त्यांतल्या तीन आडव्या झाल्या होत्या आणि एक उलटी वळून कार्डाच्या कापलेल्या कडेत घुसली होती. सुईच्या टोकाने मी ती सोडवू लागले. मागे ती बाई इतकी जवळ उभी होती की तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

पिन सुटली. मी चिमट्याने कार्ड उचललं आणि पिन कार्डाबरोबरच वर आली. मुळापासून तुटली होती.

"काय झालं?" दोघांनी एकदम विचारलं.

"एक पिन तुटली. माझ्या हातून तुटली," मी म्हटलं. लपवण्यात अर्थ नव्हता. दुष्काळात तेरावा महिना.

कार्ड तरी हातात आलं होतं. त्याची पाठ बारीक पॉलिश कागदावर घासून पातळ केली आणि माझ्याच फोनमध्ये घातलं. 'सिम नाही.' काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. 'सिम नाही.' तेव्हा नीट पाहिलं. त्या पठ्ठ्याने कात्री तिरकी चालवली होती. ट्रेमध्ये बसवलं की सोनेरी चौकटी पिनांच्या बाजूला पडत होत्या, अर्ध्या तांदळाएवढ्या. कोणत्याही ट्रेत हे कार्ड चालणार नव्हतं.

"म्हणजे गेलंच का?" भाऊ म्हणाला. "मीच केलं. सगळं मीच केलं."

"रडायचं नंतर. दिवा धरा."

झाकण नसलेल्या रीडरवर कार्ड हवं तसं सरकवता येतं, ट्रेची बळजबरी नाही. म्हणून परत त्याच फोनकडे वळले. आडव्या पिना एकेक करून उचलल्या. तुटलेल्या पिनेच्या जागी तांब्याची तार डाग देऊन लावली आणि तिचं टोक वर वाकवलं. ती पिन नेमकी माहितीची येजा करणारी होती, तिच्यावाचून बाकीच्या पाच असून नसून सारख्या. पहिला डाग धरला नाही. दुसरा पसरला, खरवडून काढावा लागला. तिसरा बसला. तेवढ्यात बहिणीचा फोन वाजला आणि आम्ही तिघंही दचकलो. तिचा नवरा होता. बाजारात नाही, बागेत नाही, दवाखान्यातही नाही.

एक वाजून गेला होता. फोन पकडीत उभा केला, स्क्रीन त्यांच्याकडे, उघडी पाठ माझ्याकडे. बॅटरी जोडली. कार्ड पिनांवर ठेवलं आणि तर्जनीने दाबलं.

"काय दिसतंय?"

"सिम नाही," बहीण म्हणाली.

नखाने कार्ड किंचित डावीकडे ढकललं. "आता?"

"सिम नाही."

थोडं वर. "आता?"

ती काही बोलेना. मी ओरडले, "अहो, बोला!"

"शोधतंय... शोधतंय... आलं! एक दांडी आली. दोन!"

मी बोट तसंच रोवून ठेवलं. केसभर हललं की गेलं, एवढं मला कळत होतं. फोन किणकिणला. मेसेज. तिने वाचला. बंद असताना एकाच अनोळखी नंबरवरून अकरा कॉल आले होते. शेवटचा चार मिनिटांपूर्वी.

"याच फोनवरून लावा, समोरचा हाच नंबर ओळखेल," मी म्हटलं. "स्पीकरवर ठेवा आणि टेबलाला कुणी हात लावू नका."

दुसऱ्या रिंगला एका पुरुषाने उचलला. मागे ट्रकांचा धडधडाट. "अहो कुठे होता तुम्ही? टायरच्या दुकानातून बोलतोय, हायवेच्या नाक्यावरून. एक म्हाताऱ्या बाई सकाळपासून इथे बसल्यात. आता ऐकत नाहीयेत, रस्ता ओलांडून निघाल्यात. मी दोनदा हाताला धरून आणलं, तर मलाच मारायला उठल्या."

"आई आहे ती आमची! तिला थांबवा, मी पाऊण तासात पोचते. फोन द्या तिला."

खरखर झाली. मग एक बारीक, रागावलेला आवाज. "हॅलो. हे आहेत का?"

"आई, मी बोलतेय. तू तिथेच..."

"कोण तुम्ही? यांचा फोन तुमच्याकडे कसा?" आणि लांब जाणारा आवाज, "रॉंग नंबर आहे हो. घ्या तुमचा फोन. मी जाते."

"बाई, थांबा! बाई!" तो माणूस ओरडत होता.

बहिणीने भावाची कॉलर धरली. "तू बोल. तुझा आवाज बाबांसारखा आहे. सगळे म्हणतात."

तो मागे सरकला. "मी नाही. ताई, मला नाही जमणार."

"ती रस्त्यावर उतरतेय!"

मला माझी जागा सोडता येत नव्हती, नाहीतर एक ठेवून दिली असती. "अहो," मी म्हटलं, "सकाळी खरं बोललात ना? आता पुरे झालं. वाका इकडे."

तो टेबलाशी वाकला. त्याचं तोंड माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. "आ..." म्हणाला आणि थांबला. मग घसा खाकरून, बदललेल्या आवाजात, "अगं, मी बोलतोय."

तिकडे नुसते ट्रक ऐकू येत होते. टायरवाला म्हणाला, "हे घ्या, तुमचे मालक बोलतायत."

"अहो?" ती म्हणाली.

"हो. मीच."

"फोन का नाही उचललात? किती वेळा लावला मी!"

"कामात होतो." त्याच्या कपाळावरून घाम माझ्या मनगटावर पडला. "तू तिथेच बस. खुर्चीवर बस. ताईला... मुलीला पाठवलंय तुला आणायला."

बहीण तोवर दाराबाहेर पडलीही होती, नवऱ्याला फोनवर नाक्याचा पत्ता सांगत आणि वाटेत आपल्याला घ्यायला बोलावत.

"तुम्ही नाही येणार?"

"मला सुटता येत नाही."

"बरं." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी श्वास सोडला, बोट नाही. "बोलत राहा," मी ओठांनीच त्याला सांगितलं. ती उठली की संपलं, हे त्यालाही कळत होतं.

त्याने विचारलं, उन्हात बसलीस का. नाही, सावलीत आहे. पाणी दिलं का कुणी. दिलं. हा माणूस चांगला आहे, उगीच ओरडले मी त्याच्यावर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दोनदा आवाज तुटला, दोन्ही वेळा मी बोट दाबून परत आणला.

मग ती म्हणाली, "एक सांगू? चिडायचं नाही पण."

"सांग."

"पोरगा म्हणतो, तुम्ही गेलात."

त्याने डोळे मिटले.

"आज पुन्हा म्हणाला. तुम्ही त्याला रागावू नका हं. वाईट नाहीये तो. त्याला तुमची आठवण येते, म्हणून असं काहीबाही बोलतो. तुम्ही कधी त्याच्याशी धड बोलतच नाही. आज घरी आलात की त्याच्याजवळ बसा जरा."

त्याचे खांदे हलत होते आणि टेबल हलू नये म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले होते. तिकडून 'हॅलो, हॅलो' सुरू झालं.

"बसतो," तो म्हणाला. "बसतो मी त्याच्याजवळ."

पुढे ती शेजाऱ्यांच्या मांजरीचं सांगत राहिली, गुडघ्याचं सांगत राहिली. माझं बोट आधी दुखलं, मग बधिर झालं. दुसरं गिऱ्हाईक दारात आलं, त्याला मी डोळ्यांनीच हाकललं. शेवटी स्कूटर थांबल्याचा आवाज आला आणि बहिणीचा हुंदका.

"ही आली बघा," म्हातारी म्हणाली. "आणि रडतेय कशाला कोण जाणे. चला, निघते मी. ठेवू का?"

आता ठेवायला काहीच हरकत नव्हती. आई मुलीच्या हाती लागली होती, काम झालं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला बाबांचा आवाज काढायचंही भान राहिलं नव्हतं.

"थोडं बोल ना अजून," तो म्हणाला.

मी बोट उचललं नाही.