डाव्या नळीतले काडतूस

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. मित्रांनो, दचकू नका आणि जवळही येऊ नका. आहात तिथूनच ऐका. माझे बोलणे जरा घाईघाईचे वाटेल, पण स्वस्थ बसणे मला कितीतरी वर्षे जमलेले नाही.

माझ्या नळ्या एका कसबी कारागिराने घडवल्या, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा केला आणि मला नक्षीकाराच्या मेजावर ठेवले. हा नक्षीकार मोठा तिरसट. कुणी दारातून "झालं का?" असे विचारले, की छिन्नी खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचा. त्यानेच माझ्या पोलादी अंगावर गवतातून उडणारे दोन तितर कोरले. एकेक पीस केसाएवढ्या रेघेचे होते. "हिला बघायला लोक अगदी जवळ येतील," तो म्हणाला, आणि मी फुशारून गेले.

माझे पहिले मालक डॉक्टर होते. सुट्टीच्या दिवशी ते मला घेऊन रानात जात. परतल्यावर उंबऱ्याबाहेरच मला उघडत, काडतुसे काढत, दोन्ही नळ्यांतून आभाळ बघत आणि मगच घरात नेत. एके संध्याकाळी त्यांनी उजवी नळी झाडली, पक्षी हुकला, आणि तेवढ्यात शेजारीण धावत आली. तिची सून अडली होती. डॉक्टर तसेच घरी पळाले, मला दाराआड टेकवले आणि औषधांची पेटी उचलून गेले. बाळबाळंतीण सुखरूप सुटली. पण परत येताना वाटेतच डॉक्टरांच्या छातीत कळ आली आणि ते घरी पोचलेच नाहीत. माझ्या डाव्या नळीत काडतूस राहून गेले.

घरच्यांनी मला कापडात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवले. त्यांना वाटले, डॉक्टर एवढे शिस्तीचे, त्यांनी रिकामी केलीच असणार. पुढे मी एका दुकानात आले. दुकानदाराला वाटले, घरच्यांनी पाहिलेच असेल. त्याच्याकडून मला विकत घेणाऱ्या काकांना वाटले, दुकानदार काय न बघता विकेल? सगळे एकमेकांवर विसंबून निवांत राहिले आणि घोर लागला तो मला एकटीला.

नक्षीच्या जुन्या, दुर्मिळ दुनळ्या जमवणे हे काकांचे वेड. गल्लीतली मुले त्यांना दुनळीकाका म्हणत. त्यांच्या काचेच्या कपाटात मला मधली जागा मिळाली. ते भिंग लावून माझ्या तितरांची पिसे बघत बसायचे.

"एवढं निरखून लग्नाआधी मलासुद्धा पाहिलं नव्हतं तुम्ही," काकू म्हणायच्या.

"तू कुठे दुर्मिळ होतीस?" काका भिंगातूनच म्हणायचे.

काका मला फुलासारखे जपत. फक्त उघडत नसत. माझा सांधा घट्ट झाला होता आणि जोर लावला तर नक्षीवर चरा पडेल, ही त्यांची भीती. पाहुण्यांच्या हातात मात्र मला कौतुकाने देत. कुणी मला खांद्याला लावून खिडकीवर रोखी, कुणी घड्याळावर. एकाने तर हसत हसत मला स्वतःच्या भाच्यावर धरले. मला तोंडे दोन, पण "थांबा" म्हणता येणारे एकही नाही. लोक तितरांना वाहवा देत आणि मला ती वाहवा नकोशी होई.

मग एक दिवस फोटो काढायला एक मुलगी आली. काकांच्या संग्रहाचे पुस्तक निघायचे होते. पोरगी कामाची पक्की होती. तिने पडदे सारले, दिवे लावले आणि कॅमेरा घेऊन समोर गुडघ्यांवर बसली.

"काका, आता थेट माझ्यावर रोखा. चापावर बोट असू द्या. छान येईल."

काकांनी मला खांद्याला लावले. माझ्या नळ्यांसमोर तिचा कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यामागे तिचे कपाळ. काकांचे बोट नेमके डाव्या चापावर टेकले. मित्रांनो, पोलादाला घाम फुटत नाही म्हणतात. मला फुटला असता.

तेवढ्यात चहा घेऊन काकू आल्या. ट्रे तसाच हातात धरून त्या दारात थांबल्या.

"अहो, खाली घ्या ती. परक्याची पोर आहे."

"अगं, रिकामी आहे."

"तुम्ही बघितलंय?"

काका चिडले. "दुकानदाराने बघितलंय. आणि उघडली तर चरा पडेल, किती वेळा सांगू?"

काकू चालत आल्या आणि ट्रेसकट त्या मुलीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. आता माझ्या नळ्यांसमोर काकू होत्या.

"रिकामीच आहे ना? मग काढा फोटो."

काकांना हसायचे होते, पण हसू फुटेना. आयुष्यभराची सोबतीण त्यांना माझ्या दोन नळ्यांच्या वरून दिसत होती. त्यांनी बोट चापावरून काढले, मला खाली घेतले, जमिनीकडे वळवले आणि सगळा जोर लावून उघडले. माझा सांधा करकरला. एका तितराच्या पंखावर लांब चरा उमटला, आणि डाव्या नळीत काडतुसाचे पितळी बूड चमकले.

मुलीने कॅमेरा खाली ठेवला. काकांनी काडतूस काढून मेजावर ठेवले. काकूंच्या हातातले कप मात्र तेव्हा कुठे वाजायला लागले.

"अगं, मी..." काका म्हणाले.

"आधी बाकीच्या उघडा," काकू म्हणाल्या.

काकांनी कपाटातली एकेक दुनळी उघडली. बाकीच्या रिकाम्या निघाल्या. तरी शेवटचीपर्यंत कुणी चहाला हात लावला नाही.

आता माझा जीव थाऱ्यावर आला असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणी कुणाच्या पोटमाळ्यावर, कुणाच्या भिंतीवर अजून आहेत, आणि त्यांच्या पोटात काय आहे ते त्यांनाच ठाऊक. मित्रांनो, अशी एखादी दिसली तर तिला हात लावू नका. पण घरातल्या मोठ्यांना म्हणा, जाणत्या माणसाला बोलवा आणि उघडून बघा. ते म्हणतील, रिकामीच आहे. तुम्ही पुन्हा म्हणा, उघडून बघा. एरवी तुमच्या हट्टाला मोठी माणसे रागावतात. यालाही रागावली, तर रागावू द्या.