आवाज न करणारा कूलर

जामखेडच्या बाजारात ज्याला गोजरबाईचा आवाज माहीत नाही तो जामखेडचा नव्हेच, असं लोक म्हणायचे, आणि त्यात फार खोटंही नव्हतं. मेथीच्या जुड्या पुढ्यात मांडून ती एकदा का "घ्या कवळी मेथीऽऽ" म्हणून ओरडली, की लांब स्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टर मान वळवून बघायचे. आणि नेमकी त्याच घशात गाठ निघाली. देवाला गाठ द्यायची होती तर गुडघ्यात द्यायची, पाठीत द्यायची, पण नाही!

नगरच्या डॉक्टरांनी तिच्या एकुलत्या एका पोराला, अमृतला, बाजूला घेऊन सांगितलं. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला महिनाभर अवकाश आहे, तेवढ्यात काय बोलायचंय ते बोलून घ्या. परतीच्या एस. टी. त आई त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती आणि तो खिडकीबाहेर बघत होता. आष्टी येईपर्यंत त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

अमृतचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा आणि मिक्सिंगचा. घराची पुढची खोली तोच स्टुडिओ, वर पत्रे. त्यानं कुठंतरी पाहिलं होतं, की माणसाचं तासभर स्वच्छ बोलणं कॉम्प्युटरला दिलं, की तो त्या आवाजात काहीही बोलून दाखवतो. आई चौथी शिकलेली. तिनं टाइप करायचं आणि तिच्याच आवाजात "रुपाली, चहा टाक" असं मशीननं म्हणायचं. आवाज जाईल, पण जाणार नाही. हे ऐकून त्याच्या बायकोच्या, रुपालीच्या, डोळ्यांत पाणी आलं.

आता घोडं कुठं पेंड खात होतं ते ऐका. अमृतनं तो कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जुळवला होता आणि त्याचा प्रोसेसर कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवत होता. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. रुपाली म्हणायची, बैलाची शेपटी पिरगाळून पळवायचा तो प्रकार. पळणारा तापतो, आणि वैशाखात पत्र्याखाली तर काय विचारता! त्याला गार ठेवणारा पंखा दिवसभर असा केकाटायचा, की गोजरबाईनं त्या कॉम्प्युटरचं नावच गिरणी ठेवलं होतं.

पहिल्याच दिवशी अमृतनं आईला माईकपुढं बसवलं. ती बाजारात बोलल्यासारखी ऐसपैस बोलली. ऐकून बघतो तर काय, सगळा पंखा, आणि गिरणीच्या मागं उभं राहून कुणीतरी बोलतंय असा आईचा आवाज. चिडून त्यानं ते तिथल्या तिथं पुसून टाकलं.

"अहो, मोबाईलवर घ्या ना. मागच्या खोलीत बसून," रुपाली म्हणाली.

"मोबाईलवर आवाज चपटा येतो."

"मग तेवढ्यापुरता त्या कॉम्प्युटरचा वेग कमी करा."

"रुपाली, तुला यातलं काही कळत नाही."

तिला कळत होतं, आणि तिला कळतंय हे त्यालाही कळत होतं. पण खरी गोष्ट अशी, की अमृतला भीती वाटत होती. आईला माईकपुढं बसवून शेवटचं बोलून घ्यायचं, म्हणजे ती आता मुकी होणार हे कबूल करायचं. त्यापेक्षा कॉम्प्युटरला बिनआवाजाचा पंखा, म्हणजे कूलर, निवडणं सोपं होतं.

आणि निवडण्यात तर तो असा बुडाला की विचारू नका. जेवताना एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात मोबाईल. मोठा पंखा हळू फिरतो म्हणून आवाज कमी. पाण्यावर चालणारा आणखी गार, पण त्याचा पंप गुणगुणतो. एकाला चार जण चांगलं म्हणायचे की पाचवा नावं ठेवायचा. शेवटी त्यानं नगरच्या राहीलला फोन लावला. कॉम्प्युटरचं सगळं सामान तो त्याच्याकडूनच आणायचा.

"राहीलभाई, मला आवाज न करणारा कूलर पाहिजे. अजिबात आवाज नको. आईसाठी पाहिजे हो."

गोजरबाई आतल्या खाटेवर पडून ऐकत होती. तिनं काय ऐकलं ते अमृतच्या गावीही नव्हतं.

पहिला कूलर आला तो इतका उंच, की कॉम्प्युटरचं झाकणच बसेना. परत पाठवला. दुसरा बसला असता, पण त्याला धरून ठेवणारी पट्टी दुसऱ्याच मॉडेलची निघाली. तोही परत. मग तिसरा मागवला. दरम्यान अमृत पंख्याचा आवाज माईकवर घेऊन मोजत बसायचा, आज किती, काल किती. आईचा आवाज दिवसेंदिवस घोगरा होत चालला होता, तो मात्र त्यानं मोजला नाही.

एकदा ती स्वतःच दारात येऊन उभी राहिली. "अमृत, घे की रं माजा आवाज, काय घ्यायचा त्यो. उद्या ऱ्हाईल न्हाई ऱ्हाईल."

"कूलर येऊ दे आई. मग निवांत घेऊ."

"बरं बाबा," ती खुशीत म्हणाली. "कूलर यिऊ दे."

तिनं मागच्या खोलीतली खिडकीखालची धान्याची कोठी रुपालीकडून बाजूला सरकवून घेतली. भिंत पुसून घेतली. कशासाठी, ते अमृतनं विचारलं नाही. त्याला वेळ कुठं होता?

मग एका सकाळी चहाचा घोट घेताना तिला श्वासच मिळेना. छाती भात्यासारखी उडायला लागली. गाडी करून नगरला नेईपर्यंत ओठ काळे पडले. गाठीच्या सुजेनं वाट बंद झाली होती. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली, तेव्हा कुठं श्वास लागला. जीव वाचला. आवाज मात्र त्या नळीवाटे निघून गेला, आणि पुढच्या ऑपरेशननंतर तर परत यायचा प्रश्नच नव्हता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण इथं झोपासुद्धा अजून कुरियरमध्येच होता.

तो तिसरा कूलर दुसऱ्या दिवशी राहीलकडं पोचला. राहीलला आजारपणाचं कळलं होतं, म्हणून भला माणूस खोकं घेऊन सरळ दवाखान्यातच आला. "मावशी, हा बघा, तुमचा कूलर," म्हणून त्यानं कौतुकानं तो बाहेर काढला आणि तिच्या हातात दिला.

अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा आणि त्याला एक पंखा. गोजरबाईनं तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग राहीलच्या मागं दाराकडं पाहिलं. आणखी कुणी काही उचलून आणतंय का, म्हणून. कुणी येईना, तेव्हा तिनं अमृतकडं पाहिलं. मग ठोकळा अलगद उशाशी ठेवून तिनं तोंड भिंतीकडं केलं.

रुपालीनं त्याला बाहेर व्हरांड्यात ओढलं. "अहो, आत्यांना वाटत होतं, तुम्ही हवेचा कूलर आणताय. उन्हाळ्यात त्यांचा जीव तगमगतो म्हणून. खिडकीखाली जागा केली होती त्यांनी."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, दोन्ही आणताय."

अमृतनं भिंतीवर डोकं आपटलं. खरोखर आपटलं. राहील बिचारा धरायला धावला.

ऑपरेशन होऊन गोजरबाई घरी आली. खिडकीखाली अमृतनं हवेचा कूलर आणून ठेवला. चांगला मोठा, पाण्याचा. तो भलताच घरघरायचा, आणि गोजरबाई त्याच्याकडं पाठ करून झोपायची. मग एका दुपारी काही सुचेना म्हणून अमृतनं राहीलनं आणलेला तो ठोकळाही कॉम्प्युटरला बसवला. उष्णता ओढून घेणारी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावली, स्क्रू आवळले, बटण दाबलं. काही ऐकू येईना. चालू झाला की नाही, ते बघायला त्याला वाकून दिव्याकडं बघावं लागलं. इतका शांत. जसा हवा होता, अगदी तसाच.

त्यानं आईचा आवाज शोधायला सुरुवात केली. पहिलं रेकॉर्डिंग पुसलेलं. लग्नांच्या शूटिंगमध्ये ती कुठं नव्हती. नवरा गेल्यापासून ती मंगलकार्यात पुढं येतच नसे. शेवटी पंख्याचा आवाज मोजायला घेतलेली एक फाईल सापडली. त्यानं ती लावली. पंखा केकाटत होता, आणि त्यामागं, मागच्या दारात, आई शेजारच्या बनुबाईला सांगत होती.

"माज्या अमृतनं कूलर सांगितलाय माज्यासाटी. बिगर आवाजाचा! दुकानदाराला म्हनला, आईसाटी पायजे. लेक आसावा तर आसा गं, बने."

बनुबाई हसली. आणि मग एकदम जवळून, मोठ्यांदा, स्वच्छ, अमृतचा स्वतःचा आवाज: "आई, गप बस ना जरा!" पुढं शेवटपर्यंत नुसता पंखा.

अमृतनं पंखा काढून टाकायचा प्रयत्न केला. ज्या ज्या युक्त्या येत होत्या त्या सगळ्या करून पाहिल्या. पंखा जायचा तसा आईचा घोगरा आवाजही त्याच्याबरोबर विरघळून जायचा. राहायचं ते त्याचंच वाक्य.

मागं काहीतरी हललं. गोजरबाई दारात येऊन उभी होती, गळ्याशी पदर धरून. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं हवेत बोट फिरवलं. पुन्हा लाव.

त्यानं लावलं. आपलं वाक्य यायच्या आत बंद करायचं म्हणून हात माऊसवर ठेवला. पण बनुबाई हसली तशी म्हातारी दाराला धरून पुढं वाकली, आपला आवाज पुढं आणखी कुठं येतोय का ते ऐकायला, आणि अमृतचा हात जागीच राहिला.

"आई, गप बस ना जरा!"

गोजरबाई गपच उभी होती.