काठीवर उभं राहणारं घर

माझ्या उरल्यासुरल्या दातांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मागे मी अस्वलाने चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून सूप प्यायल्याचं सांगितलं होतं, ते सोडा. हे मात्र खरं.

आमच्या सॅमन गावात ओरिन हॅस्केट नावाचा म्हातारा. पानं पिवळी पडली की तो आणि त्याचा दोस्त ड्यूई वर लेमहाय डोंगरात एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणांच्या, शिकारीला जायचे. खेचरं ड्यूईची, कॅनव्हासचा तंबूही ड्यूईचा. तंबू इतका जड, की तो दिसला की खेचर आपणहून खाली बसायचं आणि गहिवरून रडायचं. उभा करायला दोन माणसं लागायची, एक ओढायला आणि एक शिव्या घालायला.

गेल्या वर्षी वसंतात ड्यूई गेला. त्याच्या पोरांनी खेचरं विकून टाकली आणि तंबू आणून ओरिनच्या दारात टाकला. ओरिनने तो अंगणात एकट्याने उभारून पाहिला. एक बाजू उभी केली की दुसरी बसायची. शेवटी त्या पडलेल्या कापडावरच तो बसला, आणि ऊन उतरेपर्यंत उठला नाही.

बॉयसी शहरातून त्याची मुलगी मार्लीस आली, तिला वाटलं आता विषय मिटला. पण ओरिन म्हणाला, मी एकटा जाणार. बरीच वादावादी झाली. मग तिने त्याच्या तळहातावर एक छोटं यंत्र ठेवलं.

"बाबा, अडकलास तर हे बटण दाब. माणसं येतील. पण ज्या दिवशी हे दाबशील त्या दिवशी डोंगर संपला. बंदूक माझ्या कपाटात आणि तू माझ्या घरात. कबूल?"

"आणि नाही दाबलं तर?"

"तर मरेपर्यंत जा. मी तोंड उघडणार नाही."

ओरिनने कबूल केलं. हट्टाने वाढलेली माणसं कबूल फार पटकन करतात.

आता पाठीवर मावेल असं एकट्याचं घर हवं होतं. शिकारीच्या सामानाचं दुकान लुआनचं. तिने तीन प्रकार मांडले. एक नुसती गवसणी, आत सरपटत शिरायचं आणि तोंडावर चेन ओढायची. ओरिन म्हणाला, ड्यूईला यातूनच नेला, मला एवढ्यात नको. दुसरा स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा चिमुकला तंबू, वाऱ्याला दाद न देणारा. ओरिनने तो उचलला आणि गुडघ्यावर हात ठेवला. तिसरं एक सुळक्यासारखं कापड. त्याला खांबच नाही. चालायची काठी मधोमध रोवायची की त्यावर घर उभं. इतकं हलकं, की लुआन शिंकली तेव्हा ते फडताळावर जाऊन बसलं.

"हेच दे."

"काका, कमानीवालं घ्या. जरा जड आहे, पण ते स्वतःच्या पायावर उभं राहतं. ह्याची काठी गेली की घर गेलं."

"काठी सोडून मी जातोय कुठे? तिच्याशिवाय मला घराची पायरी उतरता येत नाही."

लुआनने पुन्हा एकदा सांगून पाहिलं. मग बांधून दिलं.

पुढे ओरिनला हलकेपणाचं वेडच लागलं. दात घासायच्या ब्रशची दांडी कापली, पट्ट्याचं उरलेलं टोक कापलं, सदऱ्यांची लेबलं उसवली. आरशात बघताना स्वतःच्या कानांवरसुद्धा त्याची नजर रेंगाळली म्हणतात. चालायच्या दोन काठ्यांतली एक घरीच ठेवली. घराला एक पुरते ना.

आणि तो चढला. कसा चढला ते त्याच्या गुडघ्यांना विचारा. झाडं जिथे संपतात त्याच्याही वर, तळ्याकाठी, त्याने ते घर उभारलं. आत एक माणूस आणि एक बंदूक. चहा केला तेव्हा सवयीने दुसरा कप शोधला; तो वजनापायी आणलाच नव्हता. एकट्यानेच तो डोंगराकडे बघत बसला. तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी काठीवरून कापड उतरवून, त्यावर दगड ठेवून तो निघाला. खिंडीपलीकडे त्याला एल्कची मादी मिळाली, गावातल्या बसएवढी. सोलली, फरे सुटे केले, जाळीच्या पिशव्यांत घालून सावलीला टांगले. सगळं एका खेपेत खांद्यावर येणार नव्हतं. आमच्याकडे अशा वेळी मांसाजवळ घामेजलेला सदरा काठीवर चढवून ठेवतात, म्हणजे माणसाच्या वासाने अस्वल बिचकतं. ड्यूई दर वर्षी तेच करायचा. ओरिनच्या हातांनी विचार न करता तेच केलं. काठी रोवली, सदरा चढवला, बाह्या नीट केल्या, आणि एक फरा पाठीवर घेऊन, बंदूक टेकत तो धडपडत तळ्याकडे परतला.

दगड बाजूला सारले, कापड पसरलं, आणि हात काठीकडे गेला. काठी नव्हती.

तोवर बर्फ सुरू झालं होतं. तव्याएवढ्या पापड्या पडत होत्या. तो काठीसाठी मागे फिरला, पण खिंड दिसेना, मग स्वतःचे पाय दिसेनात. रांगत रांगत परत आला. आजूबाजूला गुडघ्याएवढी खुरटी झुडपं, त्यांच्यात एक सरळ फांदी नाही. शेवटी त्याने बंदूक रिकामी केली आणि नळी वर करून कापडाखाली उभी केली. घर उभं राहिलं. ओरिन हसलासुद्धा. मग बर्फाचा भार वाढला आणि नळी शेंड्यातून आरपार निघाली. कापड फाटत खाली आलं आणि अंगाला चिकटलं.

तो त्याखाली तसाच पडून राहिला. यंत्र खिशात होतं. न दाबता इथेच संपलो तर मार्लीसला बंदूक न्यावी लागणार नाही, असा सरळ हिशेब त्याने केला. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त त्याला थंडी वाजत होती. फार थंडी वाजत होती. बोटं वळेनात, तेव्हा त्याने ते बटण दातांनी दाबलं.

उजाडल्यावर शेरीफची माणसं पायी वर आली. ओरिन त्यांना सारखं सांगत होता, खिंडीपलीकडे मांस आहे, वाया घालवू नका. त्यातला एक जण त्याच्या खांद्याभोवती कोट गुंडाळत म्हणाला, "काका, आम्ही तुमच्यासाठी आलोय, मांसासाठी नाही." फरे तिथेच राहिले. सदरा घातलेली काठीही.

मार्लीस त्याला बॉयसीला घेऊन गेली. ती ओरडली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं. तिने त्याला खिडकीजवळची खोली दिली, मऊ गादी दिली, आणि बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय ते तो विचारत नाही. तिथल्या खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसतं.

पण यंदा पहिली थंडी पडली तेव्हा त्याने त्या कापडाला ठिगळ लावलं, झाडूच्या दांडीवर ते मार्लीसच्या मागच्या अंगणात उभारलं आणि त्यात शिरून निवांत झोपला.

बरं, हे शेवटचं मी जोडलं. ते कापड अजून पिशवीतच आहे, ओलं ठेवलं होतं तसं.