खात्यावरचं पांढरं पातळ

मयताच्या घरी कसं बसावं, हे चंपतरावांना चांगलं येत होतं. मी रात्रपाळी करून आले, अंगावर पाणी घेतलं आणि बाहेर पाहिलं तर ते ओट्यावर. चपला दूर काढलेल्या, टोपी मांडीवर, मान खाली. काय झालं म्हणून विचारलं तर नुसती मान हलवली. चहा ठेवते म्हटलं तर म्हणाले, नको, आज तुमच्या घरी चहा कसा घेऊ. मला वाटलं, यांच्याच घरचं कोणी गेलं आणि बिचारे सांगायला आले. मग मीही मान खाली घालून समोर बसले. एकमेकांचं दुःख करत आम्ही दोघं बराच वेळ तसेच. शेजारची रुख्मिणी येताजाता डोकावत होती.

शेवटी त्यांनीच तोंड उघडलं. "कोन गेलं, बाई?"

"कुठं?"

"घरातलं."

"माह्या घरात मी एकटी. कोनी जायचं म्हनलं तर मलेच जा लागते, चंपतराव."

ते दचकले. मग हळूहळू गोष्ट बाहेर आली.

चंपतराव सीताबर्डीच्या एका कापड दुकानातले जुने नोकर. त्या दुकानात माझं उधारीचं खातं होतं. होतं म्हणजे कधीकाळी. माझे बाबा, धोंडबा, गिरणीत होते. ते आणि आई पाठोपाठ गेले आणि माझा धाकटा भाऊ अनंता माझ्या पदरात आला. त्याला तेव्हा स्वतःचं नाक पुसायचंही कळत नव्हतं. मला दवाखान्यात आयाची नोकरी लागली. पगार सरकारी, म्हणून शेठनं खातं दिलं. आमच्यासारख्या कितीतरी गिऱ्हाइकांना सही येत नसे, त्यामुळे शेठची एक रीत होती. पहिल्या खरेदीच्या कापडाची चिंधी काढायची आणि कात्रीनं वाकडीतिकडी कापून तिचे दोन तुकडे करायचे. एक गिऱ्हाइकाकडे, दुसरा दुकानात खिळ्याला. जो कोणी आपला तुकडा आणील आणि ज्याची कड खिळ्यावरच्या तुकड्याशी जुळेल, त्याला माल मिळायचा. माणूस कोण, कुठला, हे विचारायचं नाही. माझी चिंधी खाकी होती, अनंताच्या शाळेच्या चड्डीची.

तो शिकायला अमरावतीला गेला तेव्हा ती चिंधी मी त्याच्या ट्रंकेत टाकली. सदरा फाटला तर नवा घेत जा, माझी वाट पाहू नको, असं सांगितलं. पुढं त्याला नोकरी लागली, पारशिवनीकडे कालव्याच्या कामावर ओव्हरसिअर झाला. मी सगळी उधारी फेडली आणि दुकानाची पायरी सोडली. मला असं लागतं काय? खातं बंद करा म्हणायचं तेवढं राहून गेलं, आणि चिंधीची आठवणही उरली नाही.

आता चंपतराव सांगत होते की मागच्या आठवड्यात माझ्या खात्यावर माल गेला. ते सुट्टीवर होते, दुकानातल्या नव्या माणसानं दिला. एक भारी पांढरं पातळ, दोन साधी पांढरी, वर सदऱ्याचं पांढरं कापड. गठ्ठा अजनीला एका घरी पोचवला, आणि हमाल म्हणत होता की तिथं पुष्कळ माणसं जमली होती. हे ऐकून चंपतरावांनी मयतच धरलं. शेठनं त्यांना बजावून पाठवलं होतं, पैशाचं काढू नका, नुसते बसून या.

मला हसू आवरेना. "चंपतराव, आमच्यात पांढरं नेसून नवरी बसते."

बिचारे इतके ओशाळले की टोपी उलटीच घातली. त्यांचाही दोष नाही म्हणा. आमच्या वस्तीतले लोक लग्नाचा बस्ता इतवारीत बांधतात. चंपतरावांनी माझ्या घरच्या चड्ड्याच पाहिल्या, लग्न कधी पाहिलं नाही. मी चहा ठेवला, साखर सढळ हातानं घातली. आणि चहा गाळताना माझा हात थांबला. चिंधी अनंताकडे. म्हणजे नवरदेव अनंता.

खरं सांगते, आधी आनंदच झाला. राग नंतरचा. या पोराची खोडच तशी. पास झाला तरी तोंड पाडून घरी यायचा, नापास म्हणून सांगायचा, मी रडकुंडीला आले की खदखदून हसायचा. मला वाटलं, आताही तसंच काहीतरी. पातळ घेऊन दारात उभा राहणार, ताई, चल लग्नाला, म्हणणार. पण हमालानं पाहिलेली माणसं आठवली आणि मनात पाल चुकचुकली. घर माणसांनी भरलं तरी ताईला पत्ता नाही, ही कसली थट्टा? मग मीच स्वतःला दटावलं. पत्र टाकलं असेल, पोचलं नसेल. दिवाळीला आला नाही, तेव्हाही कामाचा रेटा होता म्हणाला होता.

चंपतरावांकडून पत्ता घेतला. झोप गेली उडत. आईच्या गळ्यातली एकदाणी अनंताच्या बायकोसाठी ठेवली होती, ती रुमालात बांधून कमरेला खोचली. ठेवणीतलं पातळ नेसले. बर्डीवर संत्र्याची बर्फी घेतली आणि रिक्षा केली. वैशाखाचं ऊन, डोक्यावरचा पदर तापून निघाला, तरी मी रिक्षावाल्याला सांगत होते, माझ्या भावाचं लग्न हाय. त्यानं विचारलं नव्हतं.

अजनीतलं घर रेल्वेतल्या बाबूंचं. दारात मांडव, बाया तांदूळ निवडत बसलेल्या. मी पायरीवर पाय ठेवला आणि आतून अनंता आला, हातात खुर्ची. चांगला भरला होता. चष्मा लागला होता, हे मला माहीत नव्हतं. त्यानं मला पाहिलं. खुर्ची खाली ठेवली. मी तोंड उघडायच्या आत तो मागं वळून मोठ्यानं बोलला.

"ह्या बाई सीताबर्डीच्या दुकानातून आल्या. कापडाचं विचाराले."

मी त्याच्या हसण्याची वाट पाहिली. खरंच पाहिली. हातात बर्फीचा पुडा धरून मी वेड्यासारखी उभी होते, की आता हसेल, आता हसेल. तो चष्मा पुसत बसला.

नवरीची आई, शामलाबाई, मोठी मोकळी बाई. तिनं मला हाताला धरून सावलीत बसवलं, पन्हं दिलं. दुकानातून आलेल्या बाईला कोण एवढं करतं? नवरीला हाक मारली, "चारू, पातळ आन वं, विचारून घे." चारुशीला पातळ घेऊन आली. बारीक निळा काठ, अंगभर बुट्टी. अनंतानं निवडलं असेल तर पोराला नजर आहे, असं माझ्या मनात येऊन गेलं. इतकी मी मूर्ख. तिनं विचारलं, धुतल्यावर काठाचा रंग उतरणार नाही ना. मी म्हटलं, नाही उतरत. मला काय ठाऊक? पण मी दुकानातली बाई होते.

शामलाबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "पोरगा मोठ्या गुनाचा हाय, बाई. पन त्याले आपलं असं कोनी नाही. मायबाप लहानपनीच गेले. थोरल्या बहिनीनं दवाखान्यात आयाची नोकरी करून त्याले शिकवलं. ते बी गेली बिचारी, दोन साल झाले. आज असती तर किती खुश झाली असती! उद्या बुद्धवंदना झाली की तिच्या नावानं सारे उभे राहून मग जेवू, असं मी ह्याले म्हनलं."

पन्ह्याचा पेला माझ्या हातात होता. तो मी पिऊन टाकला, सगळा. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

आया होती, हेही त्यानं सांगितलं होतं. माझी लाज वाटत असती तर एकवेळ समजले असते. लाज नव्हतीच. मी घाण उचलून त्याला शिकवलं, हे त्यानं मिरवलं, आणि मिरवून झाल्यावर मला मारून टाकलं. मेलेली बहीण चार लोकांत शोभते. जिवंत बहिणीला दिवाळीला भेटायला जावं लागतं.

शामलाबाई पुढं सांगत होत्या की त्यांची सासू विड्या वळायची, त्यांनी स्वतःही वळल्या. छप्पन साली दीक्षेच्या मैदानावर त्या आपल्या बापाबरोबर होत्या. मीही होते, पांढरं लुगडं नेसून, कडेवर अनंताला घेऊन, पायाला फोड येईस्तोवर चालत गेलेली. त्याच गर्दीत कुठंतरी ही बाई असेल. या घरानं मला गळ्याशी धरलं असतं. खोटं बोलायची त्याला गरजच नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

मी उठले. बर्फीचा पुडा चारुशीलाच्या हातात दिला. दुकानाकडून, म्हटलं. तिनं वाकून नमस्कार केला. वयानं मोठी म्हणून केला असेल. कमरेची एकदाणी कमरेलाच राहिली.

तो माझ्यामागं रस्त्यापर्यंत आला. मांडवातून दिसणार नाही इतक्या लांब आल्यावर "ताई" म्हणाला.

"काहून गा?" मी एवढंच विचारलं.

तो खाली बघत बोलू लागला. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, घरी कोण कोण आहे. कोणी नाही, असं तोंडातून निघून गेलं. मग त्यांनी विचारलं, तुला वाढवलं कोणी, आणि एका खोट्याला दुसरं जोडावं लागलं. कोणी मागं नाही म्हटल्यावर सगळे किती जीव लावायला लागले. लग्न झालं की सांगणार होता म्हणे.

"मेलेल्या मानसाले कसा परत आननार होता?"

तो चष्मा काढून पुसायला लागला.

"आन् मेलेल्या बाईच्या नावावर माल घेताना तुले काहीच नाही वाटलं?"

"दुसरं कोनी उधार देऊन नाही राहिलं, ताई," तो म्हणाला. "मी फेडीन ना सारं." आणि मग मागं मांडवाकडे बघत, हळूच, "आत काही बोलली तर नाहीस?"

त्यानं मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. मी नाही म्हटलं. लोक म्हणतील, काय मोठ्या मनाची बाई. मोठं मन गेलं खड्ड्यात. मला तिथंच मांडवात उभं राहून ओरडावंसं वाटत होतं. ओरडले असते तर शामलाबाईनं मला घरात घेतलंच असतं, पाटावर बसवलं असतं. पण बहिणीची जागा मला तिच्याकडून नको होती. ती देणारा एकच माणूस होता, आणि तो चष्मा पुसत होता.

"चिंधी दे," मी म्हटलं.

त्यानं पाकिटातून काढून दिली. जपून ठेवली होती, घडी घालून. खाकी रंग पार विटला होता.

मी तशीच बर्डीवर गेले. दुकानात दुपारची गर्दी नव्हती. चंपतराव मला बघून हसत पुढं आले, सकाळचं हसणं अजून त्यांच्या मनात होतं. मी चिंधी त्यांच्या हातात दिली आणि खातं बंद करा म्हणून सांगितलं. गेलेला माल माझ्याच पगारातून फिटेल, तो कुणाकडे मागायला जाऊ नका. आहेर समजा.

त्यांनी खिळ्यावरचा तुकडा काढून कड जुळवून पाहिली, सवयीनं. "म्हंजे लग्नच होतं ना, बाई?"

"लग्नच. उद्या."

"मंग तुमी इथं काहून?"

"सकाळी तुमी बराबर बसले होते, चंपतराव," मी म्हटलं. "अनंताची बहीन गेली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.