सम्राट सप्तभानू, मुक्काम आवडी

हरिप्रियाचा फोन आला तेव्हा मी नैवेद्याच्या उसळीसाठी, सुंडलसाठी, मूग उपसत होते. नवरात्राची चौथी माळ.

"राजसआत्या, अप्पा ऐकतच नाहीत. डॉक्टरांनी संध्याकाळी सहापर्यंत बेड धरून ठेवलाय. उद्या सकाळी पायाचं बोट काढायचं. आज भरती झाले नाहीत तर पुढच्या आठवड्यात पाऊल जाईल म्हणाले. तुम्ही या, प्लीज."

हरिप्रियाचे अप्पा म्हणजे रत्नाकर, माझा धाकटा भाऊ, वय बहात्तर. साखरेचा आजार आहे आणि बुटात खडा गेलेला त्याला आठवडाभर कळला नव्हता. मी मूग तसेच ठेवले, शेजारच्या चित्राला माझ्या घरच्या कोलूसमोर, नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीसमोर, दिवा लावायला सांगितलं आणि तांबरमहून गाडी धरली. पार्क स्टेशनला उतरून रस्ता ओलांडायचा, सेंट्रलहून आवडीची गाडी घ्यायची. दर स्टेशनला मी घड्याळ बघत होते. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "आजी, तुम्ही बघितलंत म्हणून गाडी जोरात जाणार आहे का?"

पोचले तेव्हा अडीच वाजले होते. रत्नाकर कोलूसमोर खुर्ची टाकून बसला होता, बांधलेला पाय स्टुलावर. सात पायऱ्या, पांढरं कापड, वर कलश, खाली ओळीनं बाहुल्या. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं, पण नवरात्र तिथल्यासारखंच करतो. एकदा पायऱ्या मांडल्या की नऊ दिवस रोज दिवा, रोज सुंडल, आणि विजयादशमीच्या रात्रीपर्यंत मांडणी मोडायची नाही. हा कोलू तुळजाचा, माझ्या भावजयीचा. ती गेल्यावर एक वर्ष सोडून रत्नाकर स्वतः मांडतो.

"बोलावलं का तुला?" तो म्हणाला. "फौज कमी पडली होय हिला?"

"जेवलास?"

"विषय बदलू नकोस अक्का. मी दसऱ्यानंतर जाणार."

"दसऱ्यानंतर पाय घेऊन जाशील की पाय ठेवून?"

हरिप्रिया पेरुंगुडीच्या ऑफिसातून रजा घेऊन आली होती. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तिसऱ्या पायरीवरून सप्तभानूला उचललं.

हा सप्तभानू मूळचा मातीचा पोलीस. साठ साली तंजावरच्या घरी त्याचं डोकं फुटलं. आई टाकून देणार होती. रत्नाकरनं मानेच्या भोकात टॉर्चचा बल्ब बसवला आणि जाहीर केलं की हा सात सूर्यांचा सम्राट, याची जहाजं ताऱ्यांवरून कोळसा भरतात, याच्यासमोर ग्रह उठून उभे राहतात. मग आमचा खेळ सुरू झाला. नऊ दिवस रोज एकानं सम्राटाला परक्या गोष्टीत नेऊन ठेवायचं. प्राण्यांच्या दरबारात, सात समुद्रांपलीकडच्या राक्षसाच्या बेटावर, वाण्याच्या दुकानात, पिंपळावरच्या भुतांत. तिथे त्याचं सैन्य नाही, जहाज नाही. दुसऱ्यानं हवे ते प्रश्न विचारायचे. ज्यानं ठेवलं त्याला एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर सम्राट सुटला.

वाण्याच्या दुकानात तो अडकला होता ते मला चांगलं आठवतं. सात सूर्यांचा धनी, पण वाणी म्हणाला, आधी रांगेत उभा राहा. रत्नाकर रडकुंडीला आला होता. "सम्राट रांगेत उभा राहत नाही," म्हणायचा. मी सम्राटाला तीन दिवस रांगेत ठेवलं.

आता मी सम्राटाला खाली मांडलेल्या खेड्यातल्या विहिरीजवळ ठेवलं. "सप्तभानू अशा देशात आला," मी म्हणाले, "जिथे काट्यांत विष असतं. त्याच्या पायात काटा गेला. तिथल्या वैद्यानं सांगितलं..."

"अक्का, बोट माझं आहे. त्याचं कशाला कापतेस?"

हरिप्रियाला हसू आलं. रत्नाकरलाही. पण सम्राट उचलून त्यानं परत तिसऱ्या पायरीवर ठेवला.

"तू जा स्वयंपाकघरात," तो मुलीला म्हणाला. "अक्काला कॉफी कर."

ती गेल्यावर तो हळू बोलला. "तीन वर्षांपूर्वी तुळजा दवाखान्यात होती तेव्हा नवरात्रच होतं. कोलू मांडलेला. ती मला रोज सांगायची, घरी जा, दिवा लाव. मी गेलो नाही. तिच्या उशाशी बसून राहिलो. चौथ्या दिवसापासून इथे अंधार. सातव्या संध्याकाळी ती गेली. अर्ध्यावर आलेला कोलू सोडून मी पुन्हा उठणार नाही. पाय जाऊ दे."

"तिची किडनी गेली होती, रत्ना."

"ठाऊक आहे मला. डॉक्टरनं चारदा सांगितलं."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन होऊन गेले होते. आवडीहून दवाखाना तासभर. मी सांगितलं, इथला दिवा मी लावते, दसऱ्यापर्यंत राहते. तो म्हणाला, असं म्हणणारं तेव्हाही कुणीतरी भेटलंच असतं, पण लावला कुणी? काही उपयोग नव्हता.

आमच्या घरात एक गोष्ट सगळे मानतात. कुणाचं नक्षत्र कुठलं, कुणाच्या लग्नात पाऊस पडला, आमच्या वडिलांनी विहीर कधी बांधली, हे मला विचारायचं. मी सांगितलं की वाद संपला. आयुष्यभर मी त्याचा मान राखला, जे आठवत नाही ते कधी ठोकून दिलं नाही.

"अंधार नव्हता," मी म्हणाले.

त्यानं मान वळवली.

"तुळजाच्या साड्या न्यायला मी चौथ्या दिवशी इथे आले होते. दिवा लावला. मग रोज येत राहिले. सातव्यापर्यंत."

"तांबरमहून?"

"मग काय सप्तभानूचं जहाज होतं?"

तो हसला नाही. आमच्या खेळात विचारायचा तसं विचारायला लागला. "तेल कुठलं?"

"तिळाचं. बाटलीत दोन बोटं उरलं होतं."

"वात?"

"तुळजानंच वळून ठेवलेल्या. पितळेच्या डबीत."

"नैवेद्य?"

"सुंडल केलं नाही. डब्यातली डाळ नि गूळ ठेवला. खोटं कशाला सांगू?"

हे वाक्य तोंडून गेलं आणि माझे कान तापले.

"सातव्या रात्री तिला घरी आणली तेव्हा दिवा विझलेला होता," तो म्हणाला. "मी हात लावून पाहिला होता. गार होता."

"साडेनऊला आलात तुम्ही. सहाला लावलेली वात साडेनऊपर्यंत राहते? तुळजा गेली पावणेसातला. तेव्हा पेटत होती."

मग त्यानं तो प्रश्न विचारला ज्याची मी तयारी केली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कुणाशी बोलत होतास तेव्हा? मी समोर बसले तरी भिंतीकडे बघायचास. वर्षभर माझा फोन उचलला नाहीस."

हे मात्र खरं होतं. सांगताना माझा आवाज फाटला, आणि त्या आवाजानंच बहुतेक त्याचा विश्वास बसला. त्यानं चष्मा काढला, पंच्यानं डोळे दाबले आणि आत हाक मारली, "हरी, माझी ती निळी पिशवी कुठे आहे?"

पावणेसहाला ते दोघं दवाखान्यात पोचले. दुसऱ्या दिवशी बोट काढलं. पाऊल वाचलं, टाके नीट आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी आवडीलाच राहिले. रोज सकाळपासून संध्याकाळची घाई. तेल पुरेल ना, वात सरळ आहे ना, चार-चारदा बघायचे. रत्नाकर दवाखान्यातून फोन करायचा आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवीन विचारायचा. त्या दिवशी पाऊस होता का? शेजारी कुणी आलं होतं का? मी उत्तरं देत होते आणि दिलेली उत्तरं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत होते. पंचाहत्तर वर्षांत मला काही लिहून ठेवावं लागलं नव्हतं.

सातव्या माळेला हरिप्रिया दवाखान्यातून आली. तिनं पाय धुतले, कोलूसमोर बसली. मी चणे परतत होते.

"अप्पांनी मला सगळं सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही रोज यायचात ते."

मी कढईतलं हलवत राहिले.

"आत्या, त्या वर्षी या घराला एकच किल्ली होती. ती ते चार दिवस माझ्या पर्समध्ये होती."

चणे खाली लागायला आले. मी गॅस बंद केला.

"अप्पांनी आज तेच विचारलं," ती म्हणाली. "अक्काला किल्ली कुणी दिली?"

"मग?"

"मी सांगितलं, मी दिली. चौथ्या दिवशी, दवाखान्याच्या गेटवर." ती उठून माझ्याजवळ आली आणि ओल्या खोबऱ्याची वाटी पुढे केली. "दुपारी दिली की सकाळी, ते आत्ता ठरवून टाकू. उद्या ते तुम्हाला विचारणार आहेत."